शब्द आठवत नाही की शब्द कळतच नाही? सिमँटिक डिमेन्शियाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा मुलगी, सून किंवा नवरा विचारतो. ज्याला आजार आहे तो माणूस क्वचितच. वय पंचावन्न-साठच्या आसपास, तब्येत ठणठणीत, पैशांचा हिशेब चोख, आणि तरीही बोलण्यात काहीतरी बिनसलेलं. अशा घरांसाठी ही उत्तरं आहेत. ती वाचून घरच्या घरी निदान करू नये. डॉक्टरांपुढे बसल्यावर नेमकं काय सांगायचं, हे ठरवायला मात्र ती उपयोगी पडतील.

सिमँटिक डिमेन्शिया हा नक्की कोणता आजार?

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (एफटीडी) हे एका आजाराचं नसून आजारांच्या एका गटाचं नाव आहे. मेंदूचा कपाळामागचा फ्रंटल भाग आणि कानशिलांमागचा टेम्पोरल भाग यांतल्या पेशी हळूहळू मरत जातात. या गटातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार वागणुकीचा: सभ्य माणूस अचानक कुणालाही काहीही बोलू लागतो, घरच्यांविषयी बेफिकीर होतो. त्यापेक्षा कमी आढळतात ते भाषेपासून सुरू होणारे प्रकार. त्यांना प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया म्हणतात (अफेजिया म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे भाषा जाणं), आणि सिमँटिक हा त्यांतला एक. यात आधी शब्दांचे अर्थ, मग वस्तूंची आणि माणसांची ओळख पुसली जाते.

हॉलिवूडचा नट ब्रूस विलिस याला अफेजिया असल्याचं त्याच्या कुटुंबाने मार्च २०२२ मध्ये सांगितलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये एफटीडीचं निदान जाहीर केलं. पुष्कळांनी हे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. आधी भाषेची तक्रार आणि आजाराचं नाव बऱ्याच उशिरा, हा क्रम या घरांना चांगलाच ओळखीचा असतो.

ऐन वेळी शब्द तर आम्हालाही आठवत नाहीत. मग फरक कसा ओळखायचा?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

चाळिशीनंतर सगळ्यांचंच होतं: 'अगं ते हे दे ना, काय म्हणतात त्याला, गरम पातेलं उचलायचं…' आणि कुणी 'सां…' म्हटलं की लगेच 'हां, सांडशी!' इथे शब्द अडला होता, अर्थ जागेवर होता. सिमँटिक डिमेन्शियात पहिलं अक्षर सुचवून काही उपयोग होत नाही. तुम्ही अख्खा शब्द सांगितलात तरी समोरून शांतपणे विचारलं जातं, 'सांडशी? सांडशी म्हणजे काय?'

हे 'म्हणजे काय?' लक्षात ठेवा. ज्या बाईने तीस वर्षं पडवळाची भाजी केली ती 'पडवळ म्हणजे काय गं?' असं विचारते, आणि ते विसरल्याच्या सुरात नव्हे, तर हा शब्द आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्याच्या सुरात. 'सांडशी म्हणा' असं सांगितलं तर ती तो शब्द स्पष्ट, बिनचूक म्हणून दाखवते. उच्चार शाबूत, अर्थ गायब. विसरभोळेपणात असं होत नाही, वयोमानानेही होत नाही. घरचे लोक पहिल्यांदा हे हसण्यावारी नेतात, आणि माझ्या मते निदानाला होणाऱ्या उशिराचा मोठा भाग इथेच जातो.

पण आईला परवा कोण आलं होतं, काय बोलणं झालं, सगळं आठवतं. मग डिमेन्शिया कसा?

आठवणी दोन तऱ्हेच्या असतात. परवा मावशी आली होती, ही घटनेची आठवण. मावशी म्हणजे आईची बहीण, ही अर्थाची आठवण. अल्झायमरमध्ये सहसा घटनेच्या आठवणीपासून सुरुवात होते: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, चष्मा हरवणं, ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकणं. सिमँटिक डिमेन्शियात सुरुवातीला याच्या उलट दिसतं. कालपरवाचं बरंचसं लक्षात राहतं, फोनवर ठरलेली वेळ पाळली जाते, घरचा रस्ता चुकत नाही, बेरीज-वजाबाकीही जमते. उलट फार जुन्या गोष्टीच धूसर झालेल्या असतात.

त्यामुळे आज तारीख काय, वार कोणता, तीन शब्द लक्षात ठेवून सांगा, अशा छोट्या चाचणीत ही माणसं सुरुवातीला बऱ्यापैकी गुण मिळवतात. 'मेमरी चांगली आहे, टेन्शन घेऊ नका' असं ऐकून घरी परतलेली कुटुंबं कमी नाहीत.

सुरुवातीला घरात काय काय दिसतं?

बोलणं थांबत नाही, हे आधी सांगायला हवं. वाक्यं सलग येतात, व्याकरण जागेवर असतं, 'मी गेलो'चं 'मी गेली' होत नाही. बोलण्यातली नामं मात्र झिजत जातात. शेपू, अंबाडी, चाकवत ही वेगवेगळी नावं जाऊन सगळ्याला 'पालेभाजी', पुढे नुसतं 'भाजी', आणि आणखी पुढे 'ते खायचं'. साळुंकी, खंड्या, सुतारपक्षी यांचं 'पक्षी' होतं. काही काळाने कोल्हा, तरस, सगळ्यालाच 'कुत्रा'. कमी कानावर पडणारे शब्द आधी जातात, रोजचे शेवटपर्यंत टिकतात. म्हणून 'पाणी', 'चहा', 'घर' हे नीट समजतंय एवढ्यावर समाधान मानू नये.

आपल्याकडे हे बराच काळ झाकलं जाण्याचं कारण म्हणजे मराठी संभाषण 'हे', 'ते', 'तसलं', 'अमकं' यांवर छान चालतं. 'ते तिकडचं आण आणि त्याच्यात घाल' हे वाक्य कुठल्याही स्वयंपाकघरात खपून जातं. ऐकणारा संदर्भाने समजून घेतो आणि मधला शब्द नाहीसा झाला हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

म्हणी आणि वाक्प्रचार लवकर अडखळतात. 'त्याने तिचे कान भरले' म्हटल्यावर कानात काय भरलं, असा सरळ प्रश्न येतो. विनोद कळत नाही. सगळे हसतात म्हणून हसणं, किंवा नको तिथे हसणं. वर्तमानपत्र मोठ्याने अस्खलित वाचतात आणि बातमी काय होती विचारलं की गप्प.

पुढच्या पायरीवर वस्तूंची ओळख जाते, आणि तीही विचित्र तऱ्हेने. स्वतःच्या ओट्यावरची किसणी बरोबर वापरतात. वहिनीच्या घरची, जरा वेगळ्या आकाराची किसणी हातात दिली की उलटसुलट करून बघत राहतात. घरात सगळं नीट चाललंय आणि परगावी लग्नाला गेल्यावर एकदम गोंधळ, असं सांगणारे नातेवाईक असतात, त्याचं कारण हे.

बाबांचा स्वभावच बदलला आहे. तोही यातलाच भाग का?

असू शकतो. आजार वाढतो तसे वागण्यातले बदल जोडले जातात. गोडाची ओढ एकदम वाढते; ज्यांनी कधी साखरेला हात लावला नाही ते डबा उघडून गूळ खात बसतात, आणि मधुमेह असेल तर वेगळीच पंचाईत. काही ठरावीक पदार्थच हवेत, तेही ठरावीक मिनिटाला. घड्याळाकडे सारखं लक्ष. एकाच छंदात तासन्‌तास: सुडोकू, पत्ते, रोज त्याच रस्त्याने तेवढाच फेरफटका. काहींना पैसे खर्चायचे नसतात, इतके की घरातले दिवे बंद करत फिरतात. काहींना साध्या आवाजाचा त्रास होतो किंवा कानात सतत आवाज येतो.

या हट्टामागे बऱ्याचदा एक कारण दिसतं. भोवतालच्या गोष्टींचे अर्थ निसटू लागले की जे ठरलेलं आहे तेवढंच भरवशाचं उरतं. त्यावरून रोज भांडण्यात अर्थ नाही.

ओळखीची माणसंच ओळखू येत नाहीत, शब्द मात्र ठीक आहेत. असं का?

झीज सहसा एका बाजूला जास्त असते. डाव्या टेम्पोरल भागात जास्त असेल तर शब्द आधी जातात. उजव्या बाजूला जास्त असेल तर चेहरे आधी जातात: टीव्हीवरचे प्रसिद्ध नट, जुने सहकारी, मग शेजारी. आवाज ऐकूनही ओळख पटेलच असं नाही. सोबत समोरच्याचं दुःख न जाणवणं, हेकटपणा, काहींमध्ये देवधर्माचं एकाएकी वाढलेलं वेड. भाषेची तक्रार नसल्याने अशा लोकांना बऱ्याचदा मानसिक आजार समजून उपचार सुरू होतात. कालांतराने दुसऱ्या बाजूलाही झीज पसरते आणि दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात.

भाषेपासून सुरू होणारे बाकीचे प्रकार कोणते?

एकात बोलणंच कष्टाचं होतं: अडखळत, तुटक, प्रत्यय गाळून, उच्चार वेडेवाकडे, शब्दांचा अर्थ मात्र कळतो. दुसऱ्यात माणूस शब्द शोधत सारखा थांबतो आणि लांब वाक्य ऐकून तसंच म्हणता येत नाही. हा लोगोपेनिक प्रकार, आणि त्याच्या मुळाशी बहुतेकदा अल्झायमरच असतो. या तीन प्रकारांचे निकष तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०११ मध्ये ठरवले आणि आजही तेच वापरतात. सिमँटिकसाठी दोन गोष्टी असायलाच हव्यात: वस्तू पाहून नाव न सांगता येणं आणि सुट्या शब्दाचा अर्थ न कळणं.

घरी काही तपासून पाहता येईल का?

परीक्षा घेतल्यासारखं करू नका. माणूस खजील होतो आणि दुसऱ्या दिवसापासून बोलणंच कमी करतो. ओट्याशी काम करताकरता बघा. झारा दाखवून 'याला काय म्हणतो आपण?' न आल्यास पहिलं अक्षर सुचवा. तरीही नाही, तर पाच-सहा वस्तूंतून 'झारा दे' म्हणून बघा. शेवटी 'याने काय करतात?' कोणत्या पायरीवर गाडं अडलं ते वहीत तारखेसह लिहा. रोजच्या बोलण्यात 'म्हणजे काय?' ज्या शब्दांवर आलं त्यांची यादी करा. महिन्याभराची अशी यादी डॉक्टरांना तासाभराच्या गप्पांपेक्षा जास्त सांगते. जमलं तर मोबाइलवर दोन-चार मिनिटांचं साधं बोलणं ध्वनिमुद्रित करा, त्यांना सांगून.

ज्यांचं शिक्षण-नोकरी इंग्रजीत झालं त्यांच्या बाबतीत आणखी एक खूण मिळते. लिहिल्याप्रमाणे न उच्चारले जाणारे इंग्रजी शब्द ते आता अक्षर लावून वाचतात: 'कर्नल'चं 'कोलोनेल', 'यॉट'चं 'याच्ट'. आपली देवनागरी बहुतांशी लिहिलं तसं वाचायची, त्यामुळे मराठी वाचनात ही चूक सहसा पकडली जात नाही.

चाचण्या इंग्रजीत झाल्या. त्या ग्राह्य धराव्यात का?

ज्या भाषेत माणूस घरी भांडतो, देवापुढे बसतो आणि हिशेब करतो, तिच्यात चाचणी व्हायला हवी. तसा आग्रह धरा. परदेशी संचातली चित्रं आपल्या माणसाने कधी पाहिलेलीच नसतील तर नाव न येण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मालवणच्या माणसाला सुरमई-बांगडा-मोरी यांतला फरक विचारा, लातूरच्या शेतकऱ्याला तूर आणि हरभऱ्याचा. जे त्याला नक्की येत होतं तेच आता येतं का, हा खरा प्रश्न. आणि दोन भाषा येत असतील तर अर्थ दोन्हींतून जातो. फक्त इंग्रजीच अडत असेल आणि मराठी पूर्ण शाबूत असेल, तर कारण वेगळं असण्याचा संभव जास्त.

कुठे दाखवायचं? एमआरआय 'वयोमानानुसार बदल' असा आला आहे.

आधी न्यूरॉलॉजिस्ट; त्यातही डिमेन्शिया किंवा मेमरी क्लिनिक चालवणारे असतील तर उत्तम. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, म्हैसूरची वाक् आणि श्रवण संस्था, बंगळूरचं निमहान्स इथे वाचा-भाषेची सविस्तर तपासणी होते. सोबत थायरॉइड, बी-१२, ऐकू येण्याची तपासणी आणि नैराश्याची चौकशीही व्हायला हवी.

एमआरआयविषयी: या आजारात टेम्पोरल भागाचं पुढचं टोक आक्रसलेलं दिसतं, बहुतेकदा डावीकडे ठळक, आणि पहिल्या भेटीच्या वेळीही ते सहसा दिसण्याइतकं झालेलं असतं. कोरोनल, म्हणजे चेहऱ्याला समांतर अशा उभ्या छेदांमध्ये ते नीट कळतं. फक्त 'विसरतात' असं लिहून पाठवलं तर रेडिऑलॉजिस्ट त्या टोकाकडे खास बघेलच असं नाही. म्हणून चिठ्ठीवर 'शब्दांचा अर्थ कळत नाही, टेम्पोरल टोक पाहावं' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्म किंवा सीडी न्या. शंका राहिलीच तर पेट स्कॅन करतात.

सगळं अचानक, एका दिवसात सुरू झालं असेल तर?

मग हे पान बंद करा आणि रुग्णालय गाठा. एकाएकी बोलणं बिघडणं म्हणजे पक्षाघात समजूनच धावायचं. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ताप, डोकेदुखी आणि गोंधळ एकत्र असतील तर मेंदूज्वराची शक्यता असते, तीही तातडीचीच. सिमँटिक डिमेन्शिया महिन्यांनी आणि वर्षांनी सरकतो.

हा आजार होतो कशामुळे? आमच्या मुलांना होईल का?

प्राग शहरात अर्नोल्ड पिक या डॉक्टरने १८९२ मध्ये एका एकाहत्तर वर्षांच्या माणसाची हकिगत लिहिली: भाषा हळूहळू गेलेली आणि मेंदूचा टेम्पोरल भाग आक्रसलेला. घटनेची आठवण शाबूत ठेवून अर्थाची आठवण एकटीच जाऊ शकते, हे लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ मध्ये तीन रुग्णांवरून दाखवलं. 'सिमँटिक डिमेन्शिया' हे नाव १९८९ चं, इंग्लंडमधल्या ज्युली स्नोडेन आणि सहकाऱ्यांनी दिलेलं. पेशींमध्ये काय साचतं हेही आता कळलं आहे: बहुसंख्य रुग्णांत टीडीपी-४३ नावाचं प्रथिन. ते का साचू लागतं, याला अजून उत्तर नाही.

आनुवंशिकतेबाबत मात्र दिलासा आहे. एफटीडीचे काही प्रकार घराण्यात चालतात, पण सिमँटिक हा त्यांतला सर्वांत कमी आनुवंशिक. घरात आणखी कुणाला तरुणपणी डिमेन्शिया किंवा स्नायू वाळत जाणारा मोटर न्यूरॉन आजार झाला असेल तरच जनुकीय सल्ला घ्यावा. काळी जादू, करणी, 'फार विचार केला म्हणून' किंवा सुनेशी पटत नाही म्हणून हा आजार होत नाही. हे लिहावं लागतं, कारण विचारलं जातं.

औषध आहे का?

झीज थांबवणारं नाही. अल्झायमरमध्ये देतात ते डोनेपेझिल इथे उपयोगी नाही, काहींची चिडचिड त्याने वाढते. मेमँटिनच्या चाचण्यांतही फायदा दिसला नाही. हट्ट, अस्वस्थता, खाण्याचा अतिरेक यांसाठी नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातली औषधं कधी कधी कामी येतात. 'मेंदूचं टॉनिक' म्हणून महिन्याला हजारो रुपये घेणारे भेटतील. ते पैसे स्पीच थेरपीवर खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पीच थेरपीने गेलेले शब्द परत येतात?

काही येतात, सरावापुरते. रोज लागणाऱ्या वीस-तीस वस्तूंचे, स्वतःच्या घरातल्याच वस्तूंचे फोटो काढून नाव आणि उपयोग यांचा नेमाने सराव केला तर ते शब्द टिकतात. तेवढेच, न शिकवलेले शब्द त्यांच्यामागून येत नाहीत, आणि सराव सुटला की हेही निसटतात. म्हणून यादी त्यांच्या दिवसाला लागेल अशी करा: औषधाची गोळी, किल्ली, नातवाचं नाव. मोर आणि कमळ शिकवण्यात वेळ घालवू नका.

बोलताना वस्तू हातात घेऊन किंवा बोट दाखवून बोला. वाक्य छोटं, एका वेळी एकच गोष्ट. 'आठव बघू' म्हणू नका, आठवायला तिथे काही उरलेलं नसतं. शब्द चुकला आणि अर्थ कळला तर दुरुस्त न करता पुढे जा.

घरात कोणती काळजी घ्यावी?

फिनाइल, अ‍ॅसिड, उंदराचं औषध, कपड्यांची पावडर कुलपात. सरबताच्या बाटलीत घासलेट ठेवायची सवय आजच मोडा. चव-वासाची ओळखही जाते, त्यामुळे नासलेलं खाल्लं जाऊ शकतं. कुठे दुखतंय हे नीट सांगता येत नाही, तेव्हा जेवण-झोप बदलली की तपासून घ्या. गाडी चालवणं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको: हात चालतात, पण रस्त्यावरच्या खुणांचा अर्थ लागतोच असं नाही. घासात ठसका लागू लागला किंवा हाता-पायात अशक्तपणा जाणवला तर लगेच न्यूरॉलॉजिस्टला कळवा.

त्यांना स्वतःला कळत असतं का?

सुरुवातीला पुष्कळांना कळतं, आणि तो काळ अवघड असतो. काहींच्या मनात आयुष्य संपवण्याचे विचार येतात. तसं बोलणं झालं तर ते 'आजारामुळे बोलतात' म्हणून सोडून देऊ नका; मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, आणि सांभाळणाऱ्यांनीही तिथे फोन करायला हरकत नाही.

पुढे किती वर्षं?

माणसागणिक फार फरक पडतो. एफटीडीच्या इतर प्रकारांपेक्षा हा सावकाश सरकतो. सुरुवातीपासून दहा-बारा वर्षं किंवा जास्तही. शेवटी शेवटी बोलणं अगदी थोडं उरतं आणि सगळ्याच गोष्टींना मदत लागते.

पैशांच्या आणि कागदपत्रांच्या बाबतीत काय करून ठेवावं?

जे करायचं ते निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. बरेच जण मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार, ते देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं. पुढे पालक नेमून घ्यायला अनेकदा उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यापेक्षा मृत्युपत्र आत्ताच, त्या दिवशी समज शाबूत असल्याच्या डॉक्टरी दाखल्यासह. बँकेची खाती 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीची. विमा, पीएफ, लॉकर, सोसायटीचा शेअर दाखला या सगळ्यांवर नामनिर्देशन. मृत्युपत्रातला प्रत्येक शब्द त्यांना वाचून दाखवा आणि 'म्हणजे काय?' असं त्यांनी विचारलं तर सोप्या शब्दांत लिहून घ्या. वकील कुरकुरतील. कुरकुरू द्या.